काळ्या रानात दिवसा पाणी

गोदाकाठच्या आपल्या सोनपेठ तालुक्यात काळी, भारी जमीन बरीच. पावसानं ताण दिला की भेगा, एकदम कोसळला की सोयाबीन पाण्यात उभं. दोन्हींवर एकच तोडगा चालतो: बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी. वरंब्यावर तीन-चार ओळी, दोन्ही अंगांना सरी. जादा पाणी सरीतून निघून जातं. उघडीप पडली तर मुरलेली ओल मुळांना पुरते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘पोकरा’ प्रकल्पानं परभणीसह १५ जिल्ह्यांत या पद्धतीचा प्रसार केला.

आता विजेचं. थ्री-फेज रात्री आली की बॅटरी घेऊन, साप-विंचवातून दारं धरायला जायचं, हे तुम्हाला काय सांगावं! यावर उपाय म्हणजे दिवसा पाणी देणारा सौर पंप. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, पुढे साडेसात. ढगाळ दिवशी धार बारीक होते, हे धरूनच चाला. वीजबिल नाही म्हणून विहीर उपसू नका, ठिबक जोडा. पॅनेलवरची धूळ मात्र सकाळीच, काच तापण्याआधी, साध्या पाण्यानं पुसून घ्या.