खेळातून रसायनशास्त्र : पालकांनी काय करावे?

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. आहे. शाळेत इतिहास आणि मराठी शिकवितो. अशा माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे याचे आपणास नवल वाटेल. पण हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. 'आम्हाला सायन्स येत नाही, मग आम्ही मुलांना घरी काय शिकविणार?' असे पालक आम्हाला नेहमी विचारतात. ज्याची पदवी सायन्सची नाही अशानेच या प्रश्नाचे उत्तर द्यावे, हे बरे.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती. पुढे कित्येक महिने घर हीच तिची शाळा झाली. त्या काळात तिने, मी आणि तिच्या दादीने घरातल्या वस्तू घेऊन जे खेळ केले, त्यांच्या आधारे मी बोलणार आहे.

प्रथम एक प्रश्न. आपली मुले रसायनशास्त्राला का घाबरतात? माझ्या मते याचे कारण असे की, त्यांच्यापुढे शब्द आधी येतो आणि वस्तू नंतर येते. कधी कधी ती येतच नाही. 'आम्लामुळे निळा लिटमस तांबडा होतो' हे वाक्य मुलाला पाठ असते, पण लिटमस त्याने डोळ्यांनी पाहिलेला नसतो. आपल्या मुलांची अडचण तर आणखी मोठी आहे. घरी लिंबू 'खट्टा' असतो. उर्दू पुस्तकात 'तेजाब' येते, मराठी पुस्तकात 'आम्ल' येते आणि अकरावीला सायन्स घेतले की 'अ‍ॅसिड' येते. ज्याने नुसता शब्द पाठ केला, त्याला दर वेळी सारे नव्याने पाठ करावे लागते. मग दहावीला चांगले गुण मिळविलेली मुलगीसुद्धा 'मला सायन्स नको' म्हणते, आणि आपण समजतो की तिची बुद्धीच कमी पडली. ज्या मुलाच्या हाताला वस्तू ठाऊक आहे, त्याला फक्त तिचे नवे नाव शिकावे लागते. म्हणून माझे सांगणे एकच आहे : आधी वस्तू, मग खेळ, आणि नाव सर्वांत शेवटी.

आता हळदीचे उदाहरण घेऊ. अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे हळद कालवा. त्यात कोरा कागद बुडवून वाळवा आणि त्याच्या पट्ट्या कापा. चार वाट्यांत लिंबाचा रस, मिठाचे पाणी, साबणाचे पाणी आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी ठेवा. पट्टी बुडविण्यापूर्वी मुलाला विचारा, 'रंग बदलेल का?' त्याने अंदाज सांगितल्याशिवाय पट्टी बुडवायची नाही, हा खेळाचा नियम. पहिल्या दोन वाट्यांत पट्टी पिवळीच राहते. साबणात आणि सोड्यात ती तांबूस होते. त्या तांबूस पट्टीवर लिंबू पिळा, पिवळा रंग परत येतो. सदऱ्यावर सांडलेल्या रश्श्याचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे मग मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्या घरी हा खेळ चालू असताना दादी म्हणाल्या, 'आम्ही तर पूर्वी राखेने भांडी घासायचो. मग राखेचे काय होईल?' त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, पण प्रश्न अगदी शास्त्रज्ञाचा होता. लाकडाची राख पाण्यात भिजवून, गाळून पाहिली. पट्टी लाल झाली! तेव्हा मी मुलीला सांगितले की 'अल्कली' हा शब्द मूळ अरबी आहे आणि तो वनस्पतींच्या राखेवरूनच आला आहे. आम्ल, आम्लारी, दर्शक ही नावे त्यानंतर आली. पुढे वरच्या वर्गात 'दर्शक' हा शब्द धड्यात आला, तेव्हा ती म्हणाली, 'ही तर आपली हळद!'

दुसरा खेळ वायूचा. एका उंच भांड्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घ्या आणि त्यावर सिरका ओता. फेस येतो. फेस बसल्यावर ते भांडे एका पेल्यातील पेटत्या मेणबत्तीवर अलगद कलते करा, पण पाणी सांडू देऊ नका. मेणबत्ती विझते. काही दिसले नाही, तरी काहीतरी ओतले गेले. हा वायू हवेपेक्षा जड आहे, हे मूल आता स्वतःच सांगू शकते. मग पानात खाण्याचा चिमूटभर चुना पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी दुसऱ्या पेल्यात काढा. तिच्यात नळीने हळूहळू फुंकर घाला. निवळी दुधासारखी होते. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि सोड्यातून निघालेला वायू एकच, हे येथे सांगावे.

मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने 1860-61 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे सहा व्याख्याने दिली. विषय काय, तर एक मेणबत्ती! हा फॅरडे लोहाराचा मुलगा होता आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वाढला होता. आपल्या देशातही 1972 मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांतून प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो शेकडो शाळांत पसरला आणि 2002 पर्यंत चालला. खेड्यातील मुलांनी स्वस्त साहित्यावर प्रयोग केले. तेव्हा 'आमच्याकडे प्रयोगशाळा नाही' ही सबब फारशी टिकत नाही.

तिसरा खेळ धीराचा. तीन बाटल्यांत तीन नवे खिळे ठेवा. पहिली बाटली कोरडी व घट्ट झाकलेली. दुसरीत उकळून थंड केलेले पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत साधे पाणी, उघडे. आठवडाभर रोज पाहा. गंज प्रामुख्याने तिसरीत चढतो, कारण गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. खिडकीच्या गजांना रंग का देतात, ते मुलाला येथे कळते.

आणि एखादा कल्हईवाला दिसला, तर मुलाला थोड्या अंतरावर उभे करा. तापलेल्या भांड्यावर तो नौशादर टाकतो, पांढरा धूर निघतो, पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि वितळलेले कथील त्यावर पसरते. त्याचा नौशादर म्हणजे मराठीतील नवसागर आणि पुस्तकातील अमोनियम क्लोराइड. हा प्रयोग मात्र घरी करावयाचा नाही.

याच ओघात चार सूचना कळकळीने करतो. प्रयोगातील कोणतीही वस्तू चाखू नये. चुना डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. म्हणून तो मोठ्यांनीच हाताळावा, आणि निवळीत फुंकायचे, ती ओढायची नाही. मेणबत्तीजवळ मोठे माणूस हवेच. संडास धुण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेवटी पालकांचे काम काय? एक वही घ्यावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत : 'मला काय वाटले', 'काय घडले' आणि 'असे का झाले असेल'. अंदाज चुकला तरी तो खोडू द्यायचा नाही, कारण चुकलेल्या अंदाजातूनच पुढचा प्रश्न निघतो. मुलाने विचारलेले आपणास येत नसेल, तर 'चल, करून पाहू' एवढे म्हणावे. तिसरा रकाना कोरा राहिला, तर ती वही शाळेत पाठवावी. तो भरून देणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे.

माता-भगिनींनो, दही लावताना, पापडखार वापरताना, तांब्याचे भांडे चिंचेने उजळताना आपण रोज रसायनशास्त्रच करीत असता. फक्त मुलीला जवळ बोलवा आणि भांडे उजळण्यापूर्वी तिला विचारा, 'काय होईल, सांग बरे?' एवढ्या एका प्रश्नाने तिच्या सायन्सची सुरुवात होईल.