सागरतळावरील युद्धस्मृती : ‘थिसलगॉर्म’

युद्धात बुडालेले जहाज म्हणजे केवळ भंगार, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. ही समजूत किती अपुरी आहे, हे तांबड्या समुद्रातील ‘थिसलगॉर्म’ या ब्रिटिश मालवाहू जहाजावरून दिसून येते.

सुमारे १२६ मीटर लांबीचे हे जहाज १९४० साली इंग्लंडमधील संडरलंड येथे बांधण्यात आले. २ जून १९४१ रोजी ते ग्लासगोहून निघाले. भूमध्य समुद्रातील मार्ग धोक्याचा असल्याने आफ्रिकेला वळसा घालून, केपटाऊनमार्गे ते तांबड्या समुद्रात पोहोचले. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिश फौजेसाठी त्यात सामग्री भरली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात या फौजेने केलेल्या चढाईत चौथी भारतीय डिव्हिजनही सामील होती, हे श्रोत्यांनी ध्यानी घ्यावे.

सुएझ कालव्याची वाट खोळंबल्यामुळे हे जहाज सिनाईजवळ शाब अली या प्रवाळखडकाच्या आश्रयाला नांगर टाकून थांबले. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी रात्रीच्या अंधारात जर्मन विमानाने त्यावर बाँब टाकले. दारूगोळ्याचा स्फोट होऊन जहाजाचा मागील भाग फुटला आणि ते तळाशी गेले. नऊ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी चार खलाशी व पाच नौदलाचे तोफची होते.

१९५० नंतरच्या दशकात झाक-ईव्ह कूस्तो या फ्रेंच सागरसंशोधकाने या जहाजाचा छडा लावला. त्यानंतर ते पुन्हा विस्मृतीत गेले आणि १९९० नंतर जगभरचे पाणबुडे तेथे येऊ लागले. सुमारे ३० मीटर खोलीवर, उबदार व स्वच्छ पाण्यात, मालाच्या कोठ्यांतून लष्करी ट्रक, मोटारसायकली, रायफली आणि रबरी बूट आजही दिसतात. डेकवरील दोन रेल्वे इंजिने स्फोटामुळे बाहेर फेकली जाऊन वाळूत उभी राहिली आहेत. पोलादावर प्रवाळांनी वस्ती केली असून माशांचे थवे तेथे आश्रयास असतात.

अशी बुडी मारणे शिस्तीचे काम होय. ३० मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व शरीरात विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर त्याचे बुडबुडे बनून सांधेदुखी, अर्धांगवायू, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून सावकाश, मध्ये थांबत वर येणे हा पहिला नियम होय.

परंतु माणसाला जसा समुद्रापासून धोका आहे, तसाच या जहाजाला माणसापासून आहे. बोटी जहाजाच्या भागांनाच दोर बांधीत, त्यामुळे जुने पोलाद तुटत गेले. पाणबुड्यांनी सोडलेली हवा छताखाली अडकून गंज वाढवते. वाहनांचे सुटे भाग आठवण म्हणून उचलून नेले गेले. कूस्तोनेही जहाजाची घंटा व एक मोटारसायकल वर काढली होती. २००७ साली ईजिप्तमधील एका पर्यावरण संस्थेने बोटींसाठी नांगरदोरांची स्वतंत्र सोय करण्याचा प्रयत्न केला.

युनेस्कोने २००१ साली पाण्याखालील सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार संमत केला; तो २००९ पासून अमलात आला. वस्तू शक्यतो मूळ जागीच राखाव्यात, हे त्याचे सूत्र आहे. मात्र किमान १०० वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांनाच तो लागू होतो. म्हणजे ‘थिसलगॉर्म’ त्याच्या कक्षेत १९४१ पासून शंभर वर्षांनी, २०४१ सालीच येईल.

तोवर त्याचे रक्षण स्थानिक शासन, बोटचालक व पाणबुडे यांच्या संयमावर अवलंबून आहे. ज्यांचा चरितार्थ या जहाजावर चालतो, त्यांचेच हित ते टिकण्यात आहे. शिवाय नऊ माणसांनी जेथे प्राण गमावले, ती जागा पाहावी, समजून घ्यावी आणि रिकाम्या हाताने परत यावे, एवढे सौजन्य कायद्याची वाट न पाहता प्रत्येकास पाळता येण्यासारखे आहे.