रणात जिंकले, पुस्तकात हरले
(खापरखेडा येथील साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने आभार मानावेत, मराठी भाषेच्या भवितव्याची थोडी चिंता करावी आणि खाली बसावं, अशी आपली रीत आहे. आभार मनापासून मानतो. पुढचं मात्र रीतीने होणार नाही. मी आज भांडायला उभा आहे, आणि माझं भांडण लिहिणाऱ्यांशी आहे.

विषय अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. कोळशाच्या आणि राखेच्या या गावात अमेरिका कशाला, असं कुणी म्हणेल. त्याला जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच उत्तर देऊन ठेवलं आहे. त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. दर ११ एप्रिलला आपण ही अर्पणपत्रिका कौतुकाने सांगतो, टाळ्या घेतो आणि घरी जातो. फुल्यांनी त्या युद्धाकडे का पाहिलं आणि त्या युद्धाचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

तर ऐका. १८६०च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती. लिंकन निवडून येताच दक्षिणेतली राज्यं फुटू लागली. अखेर अकरा राज्यं बाहेर पडली. एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५, चार वर्षं युद्ध चाललं. सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. १ जानेवारी १८६३ला मुक्तीचा जाहीरनामा निघाला, आणि डिसेंबर १८६५मध्ये राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. ही मुक्ती कुणी दान दिली असं समजू नका. जवळपास दोन लाख काळी माणसं उत्तरेच्या सैन्यात आणि आरमारात होती.

आणि आपण विदर्भातली माणसं त्या युद्धाचे नुसते प्रेक्षक नव्हतो. दक्षिणेची बंदरं अडवली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा इंग्रजाला वऱ्हाडच्या आणि हिंगणघाटच्या कापसाची आठवण झाली. भाव कडाडले. मुंबईत शेअरबाजार वेडा झाला आणि १८६५मध्ये युद्ध थांबताच कोसळला. १८६७मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, तीही याच कापसाच्या ओढीने. तिकडे गुलामाच्या पाठीवरचा कापूस थांबला म्हणून इकडच्या व्यापाऱ्याची कोठी भरली. कास्तकाराच्या हाती त्यातलं काय उरलं, ते सांगायला इथे कास्तकारांची लेकरं बसली आहेत.

आता माझ्या भांडणाचा मुद्दा. हे युद्ध गुलामगिरीच्या विरोधकांनी रणात जिंकलं आणि पुस्तकात हरलं.

अलेक्झांडर स्टीफन्स हा फुटलेल्या राज्यांचा उपाध्यक्ष. २१ मार्च १८६१ला सव्हाना शहरात भर सभेत त्याने सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, गुलामी ही त्याची स्वाभाविक अवस्था आहे, आणि याच पायावर आमचं नवं राज्य उभं आहे. निदान लपवाछपवी तरी नव्हती. पराभव झाल्यावर याच गृहस्थाने दोन जाडजूड खंड लिहिले, आणि त्यात युद्ध झालं ते म्हणे राज्यांच्या घटनात्मक हक्कांसाठी! १८६६मध्येच पोलार्ड नावाच्या संपादकाने दक्षिणेच्या हरलेल्या बाजूचं गौरवपुराण छापलं होतं. मग कादंबऱ्या आल्या, पुतळे आले. १९१५मध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट आला आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन पुन्हा उभा राहिला. १९३६मध्ये 'गॉन विथ द विंड' ही कादंबरी आली. प्रेमळ मालक, निष्ठावान गुलाम, सुंदर वाडे. लाखो लोकांनी डोळे पुसत ती वाचली आणि तिला पुलित्झर पारितोषिकही मिळालं. दक्षिणेचा सेनापती ली याचा पुतळा रिचमंडमध्ये १८९०ला बसला. तो उतरवायला २०२१ उजाडलं.

ही फक्त वाङ्मयीन चर्चा आहे असं समजू नका. या पुस्तकांच्या आड काय चाललं होतं ते बघा. तेराव्या दुरुस्तीत एक फट होती: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी रिकामं फिरणं हाच गुन्हा ठरवला, काळ्या माणसांना पकडलं आणि कैदी म्हणून ठेकेदारांना भाड्याने दिलं. अलाबामाच्या कोळसा खाणींत हे १९२८पर्यंत चाललं. इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरात खाणीत उतरलेली माणसं आहेत. कोळसा म्हणजे काय हे त्यांना मी सांगायला नको. मुक्त झालेल्यांना मिळालेला मताधिकारही काढून घेतला गेला आणि तो खऱ्या अर्थाने परत मिळायला १९६५चा कायदा यावा लागला. शंभर वर्षं! एवढा काळ अन्याय टिकतो तो नुसत्या बंदुकीवर टिकत नाही. त्याला गोड गोष्टी लिहिणारे लेखक लागतात.

आता आपल्या घरात या. पेशवाईच्या दफ्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. बायका विकल्या जात होत्या, हे संशोधकांनी कागदपत्रांनिशी मांडलं आहे. कंपनी सरकारने १८४३च्या कायद्याने गुलामीची न्यायालयीन मान्यता काढली, म्हणजे काढण्याजोगं काही तरी होतं. आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत शनिवारवाड्याची कारंजी दिसतात, शेले दिसतात, तलवारी दिसतात. विकलेली कुणबीण किती ठिकाणी बोलते? मला दाखवा, मी इथेच माघार घेतो.

तीच गोष्ट सालदाराची. पाडव्याला उचल घ्यायची, वर्षभर राबायचं, बायकोने शेण काढायचं, पोराने ढोरं राखायची, आणि पुढच्या पाडव्याला उचल फिटलेली नसायची. आमच्या गावाकडच्या आठवणींत मात्र एकच वाक्य: 'आम्ही त्याला घरच्यासारखं वागवत होतो.' दक्षिणेतला मळेवालाही हेच म्हणत होता. घरचा होता तर जमिनीत त्याचा वाटा कुठे होता?

या गोड गोष्टी मोडल्या त्या ज्यांच्यावर बेतलं त्यांनीच. याच नागपूर जिल्ह्यातल्या मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी 'मजूर पत्रिका' चालवली. १९७२मध्ये तरुणांनी दलित पँथर काढली आणि नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. १९७८मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं, आणि गावगाड्याचं गुण्यागोविंदाचं चित्र कायमचं फाटलं. नागपूरच्या कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' लिहिलं. फुल्यांची अर्पणपत्रिका पुढे नेली ती यांनी, हारतुरे घालणाऱ्यांनी नाही.

राहिलं खापरखेडा. इथलं वीजकेंद्र १३४० मेगावॅटचं. त्या विजेवर कुणाच्या तरी घरात दिवे लागतात आणि आपला हा लाऊडस्पीकर बोलतो. कंत्राटी कामगार म्हणजे गुलाम, असं मी म्हणणार नाही. गुलामाला विकता येत होतं, त्याची लेकरं विकता येत होती; शब्द स्वस्त केले तर त्या ४० लाखांचा अपमान होईल. पण वर्षानुवर्षं तेच काम, तीच जागा, फक्त ठेकेदार बदलतो आणि माणूस दर वेळी नवा धरला जातो, याला काय म्हणायचं? वीटभट्टीवर उचल घेऊन आलेलं कुटुंब उचल फिटेपर्यंत जाऊ शकत नसेल, तर त्याला काय म्हणायचं? कायद्याने याचं उत्तर दिलेलं आहे: राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं आणि १९७६चा कायदा असं कर्जच रद्द करतो. साहित्याने मात्र अजून प्रश्नही विचारलेला नाही.

म्हणून या संमेलनात नेहमीच्या ठरावांच्या जोडीला एक ठराव घ्या. या परिसरातल्या खाणकामगारांच्या, कंत्राटी मजुरांच्या, भट्टीवरच्या बायकांच्या कहाण्या त्यांच्याच बोलीत नोंदवा, तारखांसह, मजुरीच्या आकड्यांसह. शुद्धलेखन नंतर बघू. पुढच्या वर्षी इथे पाहुणे कवी कमी बोलवा आणि या माणसांना व्यासपीठावर बसवा. आपण लिहिलं नाही तर उद्या कुणीतरी लिहीलच की इथे सगळे सुखी होते, आणि आपलीच नातवंडं ते शाळेत पाठ करतील.

जय भीम, जय जोती.