घराला करमाफी, जमीन कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



महानगरपालिकेच्या सभेपुढे घरांचा विषय एका दिवशी येतो, मालमत्ताकराचा दुसऱ्या दिवशी आणि जमिनीवरील आरक्षण बदलण्याचा तिसऱ्या दिवशी. तिन्हींची टिपणे वेगळी, खाती वेगळी, आणि आपणही तिन्हींवर वेगवेगळे मोर्चे नेत आलो आहोत. वस्तुतः हा एकच विषय आहे. शहरातील जमिनीचे मोल सर्वांच्या श्रमाने वाढते. ते वाढलेले मोल कोणाच्या पदरात पडावे, हा तो विषय. आज मी मुंबईपुरते बोलणार आहे, कारण तेथे हा प्रश्न उघड्या डोळ्यांना दिसेल इतका नागडा झालेला आहे.

प्रथम कराकडे पाहू. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ताकर माफ करू, असे आश्वासन २०१७ च्या महापालिका निवडणुकीत देण्यात आले. २०१९ साली माफ झाला तो फक्त ‘सर्वसाधारण कर’. पाणी, मलनिस्सारण, शिक्षण, रस्ता, वृक्ष अशा नावांची बाकीची कलमे बिलात तशीच राहिली, आणि माफी मिळाली म्हणून पेढे वाटणाऱ्यांच्या घरी पुन्हा बिल आले. संपूर्ण माफी २०२२ च्या जानेवारीत झाली. या माफीला आपण विरोध करावयाचा काय? मुळीच नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढणाऱ्याच्या डोक्यावरचा बोजा उतरला तर आपण आनंदच मानू. परंतु ही माफी फुटांवर मोजली आहे, मोलावर नाही. गोवंडीतील साडेचारशे फूट आणि मलबार हिलवरील साडेचारशे फूट तिच्या दृष्टीने सारखेच. आणि खाली माफ केलेला कर वर कोठे वसूल करावयाचा, हा प्रश्न त्या निर्णयाबरोबर कोणीही विचारला नाही.

हा प्रश्न न विचारण्याचे परिणाम कसे होतात ते पाहा. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली. जकातीच्या बऱ्यावाईटाची चर्चा आपण पुष्कळ केली आहे, पण ती पालिकेच्या स्वतःच्या हातातील कमाई होती एवढे खरे. तिच्या जागी राज्य सरकारकडून नुकसानभरपाईचा हप्ता आला. म्हणजे घरातील कर्त्या माणसाला महिन्याचा खर्च बांधून मिळाला! आता पालिकेच्या हाती राहिले काय? मालमत्ताकर, आणि बिल्डरांना वाढीव चटईक्षेत्र देऊन घेतलेले अधिमूल्य, ज्याला सर्वजण प्रीमियम म्हणतात. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा होता. त्यात विकास नियोजन खात्याकडून धरलेले उत्पन्न मालमत्ताकरापेक्षा अधिक होते. (लोकनियुक्त सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपलेली होती, तेव्हा हा अर्थसंकल्प प्रशासनानेच मांडला आणि प्रशासकांनीच मंजूर केला.) जी पालिका जास्त मजले विकून आपला संसार चालवते, ती मजल्यांवर मर्यादा कशी घालणार? मैदानाची जागा मैदानासाठीच राहावी असा आग्रह ती कोणत्या तोंडाने धरणार?

आणि करसवलत केवळ लहान घराला मिळते असेही समजू नका. २०२१ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने बांधकामावरील अधिमूल्यात वर्षअखेरपर्यंत पन्नास टक्के सूट दिली. कारण सांगितले गेले महामारीचे आणि मंदीचे. ग्राहकाचे मुद्रांक शुल्क बिल्डरने भरावे, अशी अट होती हे मान्य. तथापि भाडेकरूचे भाडे निम्मे करावे, असे त्याच महामारीत मंत्रिमंडळाला सुचले नाही.

आता जमीन. गिरणगावची हकीकत तुमच्यापैकी अनेकांच्या घरातलीच आहे, तरी तीमधील एक शब्द मला पुन्हा तुमच्यापुढे ठेवावयाचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. सुमारे सहाशे एकर जमीन, शहराच्या ऐन काळजात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची वाटणी सांगितली: स्थूलमानाने एक तृतीयांश पालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सामान्यांच्या घरांसाठी, आणि उरलेली मालकाला. हा काही समाजवाद नव्हे, परंतु शहराचा हक्क त्यात मान्य झाला होता. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी राहिली, तृतीयांश राहिले. फक्त ती वाटणी ‘मोकळ्या’ जमिनीची करावयाची असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? भिंतीपासून भिंतीपर्यंत साचेखाते, गिरणखाते, गोदामे. ती पाडून तेवढेच बांधकाम पुन्हा करण्यास मालक मोकळा झाला, आणि शहराच्या वाट्याला आली आवारातील गल्लीबोळांची तृतीयांश. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये या अर्थाला आळा घातला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दरम्यान २००५ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे दोन हजार कोटींना विकल्या गेल्या होत्या. एका शब्दाने एवढे घडले. त्या शब्दावर आपण किती सभा घेतल्या? मला आठवतात त्या बोटांवर मोजण्याइतक्या.

घरासाठी अर्ज केलेले गिरणी कामगार व त्यांचे वारस दीड लाखांहून अधिक. सोडती २०१२ पासून निघाल्या, पण अर्जांच्या मानाने घरे थोडी. आणि पुढे त्यांना वांगणी आणि शेलू दाखवण्यात आले. ज्याने लालबाग-परळ उभे केले त्याने कर्जतच्या गाडीने दोन तास दूर जावे! जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानात बसले ते ‘मुंबईतच घर’ एवढ्याच मागणीसाठी.

याला पर्यायच नाही, असे आपल्याला ऐकवले जाते. व्हिएन्ना शहराचे उदाहरण घ्या. १९१९ साली तेथे समाजवादी लोकशाहीवाद्यांना नगरपालिकेत बहुमत मिळाले. १९२२ पासून शहराला स्वतंत्र प्रांताचा दर्जा व कर बसवण्याचे अधिकार आले, आणि १९२३ साली ह्यूगो ब्राइटनर या वित्तप्रमुखाने गृहबांधणी कर बसवला. लहान घराला नाममात्र, महालाला चढत्या दराने. सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का घरांकडून त्या कराचा जवळजवळ ४५ टक्के भाग वसूल होई. भाडेनियंत्रणामुळे जमिनीत सट्टा करण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून शहराने जमीन स्वस्तात विकत घेतली, आणि १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. कर, जमीन आणि घर ही तिन्ही एकाच हिशेबात होती. १९३४ च्या फेब्रुवारीत त्या घरांवर तोफा डागल्या गेल्या, तो इतिहास निराळा. घरे मात्र आजही उभी आहेत आणि त्यांत भाडेकरू राहतात.

मुंबई म्हणजे व्हिएन्ना नव्हे, हे मला ठाऊक आहे. आमच्या पालिकेने ठराव केला तरी नियमावलीतील बदलाला अंतिम मंजुरी राज्य सरकारची. ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या परिशिष्टात नगर नियोजन पहिल्या क्रमांकावर आहे, जमीन वापराचे नियमन दुसऱ्या. पण ती कामे नगरपालिकांना देणे न देणे राज्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. म्हणून चढत्या दराच्या कराची आणि सार्वजनिक जमीन न विकण्याची मागणी पालिकेच्या दारात करावयाची आणि मंत्रालयाच्या दारातही.

तोपर्यंत एक दरवाजा उघडा आहे, तो म्हणजे हरकती व सूचनांचा. कंटाळवाणे काम आहे, त्यात घोषणा नाहीत, म्हणून आपण ते इतरांवर सोडतो. परंतु २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांच्या विरोधापुढे सरकारला बाजूला ठेवून नव्याने करावयास लावावा लागला, हे विसरू नका. त्या वेळी वस्त्यांतील माणसांनी नकाशात आपली वस्ती शोधली होती. आज येथे बसलेल्यांपैकी किती जणांनी वॉर्ड कचेरीत जाऊन आपल्या भागाचा आराखडा पाहिला आहे? हात वर करा... चार. ठीक आहे. दुपारच्या सत्रात हे चौघे आपापले नकाशे टेबलावर पसरतील; बाकीच्यांनी शाखेतील आरक्षित भूखंडांची यादी करावयास आजच बसावे, आणि प्रत्येक भूखंडापुढे लिहावे: आरक्षण कशाचे होते, आता तेथे काय आहे, आणि बदल कोणत्या साली झाला.