दगडाकडून शिकलेला प्राध्यापक

आज आर्किटेक्ट म्हणून बाहेर पडणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

बुडापेस्टमध्ये डॅन्यूबच्या काठावर हंगेरीचं संसदभवन आहे. त्याचं छायाचित्र तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. ते उभारणारे प्राध्यापक इम्रे श्टाइंडल मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाहीत. आज त्यांच्याविषयी बोलावं असं मला मनापासून वाटलं, कारण त्यांच्या यशाइतकंच त्यांच्या चुकांमधूनही तुम्हाला घेण्यासारखं आहे.

श्टाइंडल यांचा जन्म 1839 चा, पेश्टमधला. बुडात शिकून ते व्हिएन्नाला गेले आणि तिथे फ्रीडरिश श्मिट यांचे विद्यार्थी झाले. श्मिट यांनी कोलोनच्या कॅथेड्रलवर वर्षानुवर्षं पाथरवटाचं काम केलं होतं. छिन्नी हातात धरून शिकलेला हा गुरू विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेई आणि मध्ययुगीन इमारती मोजायला लावी. कमान कशी पेलली आहे, सांधा कुठे आहे, पाणी कुठून वाहून जातं हे शिडीवर चढून बघायचं आणि मग कागदावर उतरवायचं. हाच वारसा घेऊन श्टाइंडल मायदेशी परतले आणि तिशीच्या आसपास बुडापेस्टच्या तंत्र विद्यापीठात प्राध्यापक झाले.

ऑस्ट्रियाशी झालेल्या 1867 च्या तडजोडीनंतर हंगेरीला स्वतःचं सरकार मिळालं होतं, आणि त्याला शोभेल असं सभागृह हवं होतं. 1882 मध्ये स्पर्धा जाहीर झाली. एकोणीस आराखडे आले, त्यांत व्हिएन्नाच्या ओटो वाग्नर यांचाही होता. श्टाइंडल जिंकले. 1885 च्या ऑक्टोबरमध्ये काम सुरू झालं. नदीकाठची भुसभुशीत जमीन, म्हणून आधी काही मीटर जाडीचा काँक्रीटचा पाया घातला. मग सुमारे 4 कोटी विटा, सरासरी हजार कामगार आणि 268 मीटर लांबीची इमारत. घुमट 96 मीटर उंच, कारण हंगेरियन लोक आपल्या देशाची सुरुवात 896 पासून मोजतात आणि 1896 मध्ये त्याला हजार वर्षं झाली. कमानी-मनोरे गॉथिक, पण मांडणी काटेकोर सममित. नक्षीत त्यांनी हंगेरीच्या माळरानावरची झाडंझुडपं आणली. मला हे फार आवडतं. परक्या शैलीला आपल्या मातीतली पानंफुलं द्यायला ती शैली आतून कळलेली असावी लागते.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत आर्किटेक्ट स्टीव्हन्स यांचं व्हिक्टोरिया टर्मिनसही गॉथिक वळणानंच उभं राहत होतं, आणि त्यावरच्या कोरीवकामात जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात होते. तिथली पानं, पक्षी, प्राणी पुन्हा एकदा नीट बघा.

आता चुकांकडे येतो. संसदभवनासाठी देशातलंच साहित्य वापरायचा आग्रह होता. बाहेरच्या भिंतींना पांढरा, मऊ चुनखडक लावला. कोरायला सोपा, दिसायला देखणा. पण शहरातला धूर आणि पाऊस त्याला सोसला नाही. 1925 मध्येच दुरुस्ती सुरू करावी लागली, आणि झिजलेले दगड काढून कठीण दगड बसवण्याचं काम पुढे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. कोरणाऱ्याला सोयीचा दगड हवेला टिकतो का, हा प्रश्न कागदावरच्या सुंदर रेषेइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. कश्शा, म्हणजे आज स्लोव्हाकियात असलेलं कोशित्से. तिथल्या सेंट एलिझाबेथ कॅथेड्रलचा जीर्णोद्धार 1877 ते 1896 श्टाइंडल यांच्या आराखड्यानुसार झाला. मध्ययुगातल्या बांधणाऱ्यांना काय हवं होतं ते आपल्याला कळलं, अशी त्यांची खात्री होती. त्या खात्रीपोटी आतले जुने खांब आणि छत उतरवून मूळ मांडणीच बदलली गेली. इमारत भव्य झाली, पण जे गेलं ते कायमचं. हेतू प्रामाणिक होता, अभ्यासही गाढा होता, तरीही मी त्याचं समर्थन करू शकत नाही. जुन्या इमारतीत मूळ बांधणाऱ्याच्या हाताबरोबर नंतरच्या प्रत्येक शतकाचा हातही असतो, आणि यांतला एकही पुसायचा हक्क आपल्याला नाही.

श्टाइंडल यांच्या हयातीत संसदेचं काम सतरा वर्षं चाललं. एवढ्या काळात इतर जुन्या चर्चची कामं, नवी बांधकामं आणि अध्यापन हेही चालूच होतं. शेवटी प्रकृती ढासळली. 31 ऑगस्ट 1902 रोजी श्टाइंडल वारले, आणि 8 ऑक्टोबरला नव्या सभागृहात संसदेचं नियमित कामकाज सुरू झालं. उरलेलं काम 1904 मध्ये पुरं झालं. त्यांच्या हाताखाली घडलेल्यांपैकी एर्नो फर्क पुढे स्वतः प्राध्यापक झाले.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या गावात एखादा वाडा, बारव, देऊळ किंवा दर्गा ढासळत असेल. कुणीतरी उत्साहानं त्यावर ऑइलपेंट फासण्याआधी किंवा सिमेंटचा गिलावा चढवण्याआधी टेप घेऊन तिथे जा. प्रत्येक दगड, प्रत्येक सांधा मोजा, मेजर्ड ड्रॉइंग करा आणि त्याची एक प्रत तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणून द्या. येत्या पावसाळ्याआधी एक तरी इमारत मोजा, एवढी माझी विनंती आहे.