सामाईक वाफा आणि घरोघरचें ताट



मावळ हा भाताचा प्रांत. आंबेमोहोर येथें पूर्वापार पिकत आला, आणि १९८७ मध्यें वडगांव मावळच्या कृषिसंशोधन केंद्रानें ‘इंद्रायणी’ हें वाण दिलें. लोणावळ्याची हवा तर प्रसिद्धच. १९२४ मध्यें स्वामी कुवलयानंदांनीं येथें कैवल्यधाम स्थापिलें, तेव्हांपासून दूरदूरचे लोक आरोग्यासाठीं येथें येतात. परंतु येथल्याच नव्या वसाहतींत राहणाऱ्या कुटुंबाच्या ताटांत ताजी भाजी किती पडते, हें ज्यानें त्यानें पाहावें.

रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळें खावीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपदेश सर्वांस पाठ आहे, तरी घास बटाट्याकडेच वळतो. जें उपदेशानें साधत नाहीं तें वाफ्यानें साधतें. जी मेथी मुलानें स्वतः पेरली व शिंपली, ती पानांत टाकून उठणें त्यास जड जातें.

जागेची सबब मुंबईनें खोटी ठरविली आहे. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील यांनीं तेथल्याच ओल्या कचऱ्याची माती करून बाग फुलविली. त्यामागें श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ची शिकवण होती. आपल्या वसाहतींत तर जमीन आहे. पण तिच्यावर हिरवळ राखली जाते. पाणी, खत, मजुरी सारें तिला लागतें, आणि तिचा घास कोणाच्याहि मुखीं जात नाहीं.

मावळांत खरी अडचण पावसाची. सपाट वाफ्यांत पाणी सांचून मुळें कुजतात व खत वाहून जातें. म्हणून वाफे उंच करावे, उतारास चर काढावा, माती पाल्यानें झांकावी. पावसाळ्यांत मांडवावर दोडका, पडवळ व काकडी चढवावी, ओलाव्यास अळू लावावें. मेथी, पालक, मुळा हीं थंडीसाठीं ठेवावीं. उन्हाळ्यांत भाज्या धुतलेलें पाणीहि वायां घालवूं नये.

दुसरी अडचण माणसांची. सामाईक म्हणजे कोणाचेंच नव्हे, अशी आपली समजूत. म्हणून आरंभ चारच घरांनीं, दोनच वाफ्यांनीं करावा. पाळ्या लिहून ठेवाव्या, आणि जो पाळीस येईल त्याच्या घरीं भाजी जावी.

शेवटीं एक विनंती. टाकळा, कुरडू, भारंगी या न पेरतां उगवणाऱ्या रानभाज्यांची पारख मावळच्या वडीलधाऱ्या बायांस आहे. अनोळखी पाला आपल्या मनानें खुडूं नये. त्यांस मानानें बोलवावें, योग्य मोबदला द्यावा आणि मुलांस त्यांच्यापाशीं शिकूं द्यावें. खाचरें जाऊन घरें उभीं राहत आहेत. त्यांबरोबर हें ज्ञानहि गेलें, तर तें कोणत्याहि बाजारांत विकत मिळणार नाहीं.