पदविकेनंतरची पाच वर्षे



स्वागताध्यक्षाने यजमान नगरीचे गुणगान करावे असा संकेत आहे, आणि कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणण्याची सवय तर इतकी जुनी की तेवढा एक शब्द उच्चारला तरी संकेत पाळल्यासारखे होते. परंतु तरुण दृश्यकलावंतांसाठी भरलेल्या या परिषदेचा विषय समोर ठेवून या नगरीकडे पाहिले तर अभिमानापेक्षा उपयोगाची एक गोष्ट हाती लागते, ती अशी की येथे जे कलावंत घडले त्यांच्या पाठीशी निर्वाहाची काही ना काही व्यवस्था होती. आबालाल रहिमान यांना शाहू छत्रपतींचा आश्रय होता. आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. राजवाड्याचा महाल, अरण्य आणि नगरातला रस्ता एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर, दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्याला खरा वाटेल अशा बेताने उभा करण्याचा तो सराव मजुरीच्या कामातूनच झाला. पुढे 1917 मध्ये बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तेव्हा चित्रपटाचे देखावे आणि भित्तिपत्रके यांच्यासाठी हाच हात कामी आला. पोटासाठी केलेले काम आणि कलेसाठी केलेले काम यांच्यात त्या पिढीने भिंत घातली नव्हती, आणि ती घालण्याइतकी सवडही तिच्याजवळ नव्हती.

‘उदयोन्मुख दृश्यकलावंत’ ही संज्ञा या परिषदेच्या पत्रिकेवर ठळक छापलेली असली तरी तिचा अर्थ वयाने ठरत नाही. डोळ्यांनी ग्रहण करायच्या सर्व कला, म्हणजे चित्र, शिल्प, मुद्राचित्र, छायाचित्र, दृक्‌फीत आणि एखादी संपूर्ण जागाच कलाकृती म्हणून रचणारे मांडणशिल्प, या दृश्यकला होत. आणि ज्याचे शिक्षण संपले आहे, काम सुरू झाले आहे, पण त्या कामावर घर चालेल अशी स्थिती अद्याप आलेली नाही, तो उदयोन्मुख. ही अवस्था कोणाच्या वाट्याला तीन वर्षे येते, कोणाच्या वाट्याला तेरा. जी. डी. आर्ट ही शासकीय पदविका किंवा बी. एफ. ए. ही पदवी मिळाल्यानंतरची पहिली चार-पाच वर्षे मात्र सर्वांनाच सारखी कठीण जातात, कारण महाविद्यालयाचा स्टुडिओ, छपाईचे यंत्र, भट्टी आणि रोज कामाकडे पाहणारे सहाध्यायी हे सारे एकाच दिवशी सुटते. कलाक्षेत्र सोडून जाणारे बहुतेक जण याच काळात जातात, आणि ते गेल्याची नोंद कोठेही होत नाही.

म्हणून ‘संधी’ या शब्दाकडे थोडे काटेकोरपणे पाहणे भाग आहे. पारितोषिक, समूह-प्रदर्शनातील सहभाग, मान्यवरांच्या हस्ते सत्कार आणि वर्तमानपत्रातील छायाचित्र या सर्वांना आज सरसकट संधी म्हटले जाते. वस्तुतः ते प्रसंग आहेत, आणि प्रसंग संपला की दुसऱ्या दिवशी कॅनव्हासच्या किमतीत काहीही फरक पडलेला नसतो. व्यावसायिक विकास म्हणजे कलावंताला कामाचा वेळ, कामाची जागा आणि कामाचा मोबदला सातत्याने मिळत राहील अशी तजवीज. या कसोटीवर उतरेल तीच संधी, असे स्वागत समितीचे मत आहे आणि परिषदेची आखणी त्या मताला धरून झाली आहे.

मुंबईचा इतिहास या मताला दुजोरा देतो. सर ज. जी. कला विद्यालय 1857 मध्ये सुरू झाले आणि बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 मध्ये. म्हणजे शिक्षणाची आणि वार्षिक प्रदर्शनाची सोय एकोणिसाव्या शतकातच झाली होती. तरीही 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला तेव्हा त्यांना तगवून धरले ते भोवतीच्या काही माणसांनी: टाइम्स ऑफ इंडियाचे कला-संचालक वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लायडेन, आणि चित्रे विकत घेणारे इमॅन्युएल श्लेसिंगर. केकू गांधी यांचा केमोल्ड हा तर मुळात चित्रांच्या चौकटी बनवण्याचा धंदा. त्यांच्या दुकानाच्या काचेत तरुणांची चित्रे लागत, आणि त्याच धंद्यातून 1963 मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उभी राहिली. वॉर्डन रोडवरील भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे, हुसेन आदींना नाममात्र भाड्यात काम करायला खोल्या मिळाल्या, आणि त्याच वास्तूत नाटकाच्या तालमी व सतारीची शिकवणी चालत असल्यामुळे चित्रकाराला शेजारही मिळाला. गायतोंडे यांच्या चित्रांतील स्तब्धतेविषयी पुष्कळ लिहिले जाते, त्या खोलीच्या भाड्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

याहून लक्षणीय उदाहरण विणकर सेवा केंद्रांचे. हातमागाच्या वस्त्रांसाठी नवी संकल्पने तयार करण्याकरिता स्वातंत्र्योत्तर काळात ही शासकीय केंद्रे निघाली आणि तेथे चित्रकारांना नोकऱ्या देण्यात आल्या. अकोल्याचे अंबादास तेथे होते, आणि प्रभाकर बरवे 1961 पासून काही वर्षे वाराणसीच्या केंद्रात होते. बरव्यांना तेथे पगार तर मिळालाच, शिवाय तंत्रमार्गातील प्रतिमांशी परिचयही तेथेच झाला, आणि पुढच्या त्यांच्या चित्रभाषेवर त्या मुक्कामाची छाया राहिली. शासनाने कलावंताला अनुदान दिले नाही, काम दिले, आणि तेही कलेच्या जवळचे काम दिले. हा फरक आज योजना आखणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखा आहे. दिवाळी अंकांनी मराठी चित्रकारांसाठी असेच केले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे घराघरांत पोचली ती नियतकालिकांच्या अर्थकारणामुळे. शाळेतील चित्रकला शिक्षकाची जागा हा तर कित्येक पिढ्यांचा आधार होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुलांकडून स्थिरचित्रे गिरवून घेणाऱ्या मास्तरांपैकी अनेकांची स्वतःची निसर्गचित्रे रविवारच्या सकाळी होत. आणि सुधीर पटवर्धन यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीतच शहरातील कष्टकऱ्यांची चित्रे रंगवली, तेव्हा पोटाचा व्यवसाय वेगळा असण्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही.

आज कोणत्या वाटा खुल्या आहेत? केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती 18 ते 25 या वयोगटाला दोन वर्षे दरमहा 5,000 रुपये देते. त्यानंतर 25 ते 40 या वयात कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, म्हणजे ठरावीक विषयावर अभ्यास व निर्मिती करण्यासाठी दरमहा 10,000 रुपयांचे साहाय्य, मागता येते. शिष्यवृत्तीचे दोन वर्षांचे 1,20,000 रुपये ही रक्कम मुंबईत खोलीच्या भाड्यालाही पुरणार नाही, परंतु कोल्हापूर, सावंतवाडी किंवा चंद्रपूर येथे घरी राहून काम करणाऱ्याला ती रंग, कागद आणि प्रवास यांची चिंता मिटवणारी ठरू शकते. अर्ज मात्र जिल्ह्याच्या ठिकाणांहून कमी जातात, आणि त्याचे कारण गुणवत्तेत नसून माहिती आणि कागदपत्रांत आहे. ललित कला अकादमी (स्थापना 1954) राष्ट्रीय प्रदर्शन भरवते, तर राज्याचे कला संचालनालय दरवर्षी राज्य कला प्रदर्शन भरवते. यांचा उल्लेख सर्वांना ठाऊक असल्यामुळे एवढ्यावरच थांबवणे योग्य.

तुलनेने नवी वाट ‘रेसिडेन्सी’ची, म्हणजे निवासी कलासत्राची आहे. यात संस्था कलावंताला काही आठवडे राहण्याची व कामाची जागा, साहित्याचा खर्च आणि इतर कलावंतांचा सहवास पुरवते, आणि तयार कलाकृतीचा आग्रह बहुधा धरत नाही. दिल्लीच्या खोज या 1997 मध्ये सुरू झालेल्या संस्थेचा ‘पीअर्स’ हा उपक्रम नुकतेच शिक्षण संपवलेल्यांसाठीच आहे. कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचे म्हणून योजलेले समकालीन कलेचे महाप्रदर्शन, 2012 मध्ये सुरू झाले. त्याचे संस्थापक बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही सर ज. जी. कला विद्यालयाचे विद्यार्थी, आणि 2014 पासून त्याला जोडून विद्यार्थ्यांची बिएनाले भरू लागली. चंद्रपूरचे प्रभाकर पाचपुते यांनी खाणकामगारांचे जग कोळशानेच भिंतीवर रेखाटले. त्यांचे सुरुवातीचे एकल प्रदर्शन 2012 मध्ये मुंबईतील क्लार्क हाऊस या लहानशा स्वतंत्र कलास्थळी झाले, आणि 2021 मध्ये वेल्समधील आर्टेस मुंडी हा सन्मान सहा कलावंतांना मिळून देण्यात आला तेव्हा त्यांत त्यांचे नाव होते. जहांगीर कलादालनाच्या प्रतीक्षायादीत नाव घालून वर्षे मोजत बसण्यापेक्षा अशा लहान जागा पहिल्या प्रदर्शनाला अधिक मानवतात, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

आता दराचा प्रश्न, ज्याविषयी कलामहाविद्यालयात चार वर्षांत चार वाक्येही बोलली जात नाहीत. समजा, 24 इंच गुणिले 36 इंचांचे एक तैलचित्र आहे. रूढ पद्धतीप्रमाणे चौरस इंचावर दर लावला आणि तो 20 रुपये धरला, तर 864 चौरस इंचांचे 17,280 रुपये होतात. कलादालनाने निम्मी दलाली घेतली, आणि निम्म्यापर्यंतची दलाली ही काही असामान्य गोष्ट नव्हे, तर चित्रकाराच्या हाती 8,640 रुपये राहतात. त्यातून कॅनव्हास, रंग, चौकट आणि वाहतूक वजा केल्यावर उरते ती महिनाभराच्या श्रमाची किंमत. चित्र मुंबईला न्यायचे तर ते लाकडी चौकटीवरून उतरवून, रंगाची बाजू बाहेर ठेवून (आत ठेवल्यास वाळलेल्या रंगाला सुरकुत्या पडतात), मध्ये पातळ कागद घालून प्लंबरकडच्या रुंद पीव्हीसी नळीत गुंडाळले जाते, आणि ती नळी एस. टी.च्या आसनाखाली मावत नसल्यामुळे रात्रभर मांडीवर घेऊन प्रवास होतो. हा हिशेब मांडता येणे कलेला हलके करणारे नाही. हा हिशेब ज्याला येत नाही त्याच्या चित्राची किंमत दुसराच कोणी तरी ठरवतो.

हिशेबाच्या जोडीला कायदा. 1957 च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्र विकले म्हणजे त्यावरील प्रताधिकार, म्हणजे पुनर्मुद्रणादी उपयोगांवरचा हक्क, आपोआप विकला जात नाही. तो लेखी कराराशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच समजली जाते. कोल्हापूरसारख्या व्यक्तिचित्रांच्या गावात मात्र एक अपवाद विसरून चालणार नाही: मोबदला देऊन कोणी स्वतःचे वा आप्ताचे व्यक्तिचित्र काढून घेतले आणि वेगळा करार केलेला नसेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. पुनर्विक्रीच्या वेळी किंमत 10,000 रुपयांहून अधिक असेल तर मूळ कलावंताला कमाल 10 टक्क्यांपर्यंत वाटा मागण्याचा हक्कही कायद्यात आहे. व्यवहारात तो क्वचितच मागितला जातो, कारण चित्र पुढे कोणाकडे गेले याची नोंदच कलावंताजवळ नसते. आणि कलाकृतीची मोडतोड झाल्यास दाद मागता येते, हे शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दाखवून दिले. दिल्लीच्या विज्ञान भवनातील त्यांचे कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवून गोदामात टाकण्यात आले होते. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यासाठी आयुष्याची किती वर्षे खर्ची पडली, हा हिशेब त्या आदेशात मावणारा नव्हता.

हे सर्व ध्यानात घेऊन परिषदेच्या दुपारच्या सत्रांतून भाषणे वगळण्यात आली आहेत. त्या वेळात अनुभवी चित्रकार आणि क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनातील कलाकृतींची निवड व रचना यांमागचा विचार सांभाळणारे अभ्यासक, एका वेळी एकाच कलावंताचा पोर्टफोलिओ, अर्थात निवडक कामांचा संग्रह, पाहतील. प्रत्येकासाठी अर्धा तास राखलेला आहे आणि तो कोणाही मान्यवराच्या आगमनामुळे कमी केला जाणार नाही. विक्री, व्यक्तिचित्राची मागणी आणि मुखपृष्ठाचे काम या तिन्हींसाठी करारांचे मराठी मसुदे नोंदणीकक्षात ठेवलेले आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्यासाठी दोन संगणक आणि दोन स्वयंसेवक संध्याकाळी आठपर्यंत असतील.

बाहेरगावाहून नळ्यांत गुंडाळून चित्रे आणलेल्यांसाठी मागच्या पडवीत दोन सुतार लाकडी चौकटी, पक्कड आणि खिळे घेऊन बसले आहेत. कॅनव्हास ताणून देण्याचे कोणतेही शुल्क नाही; मात्र काल रात्री उशिरा पोचलेल्यांनी आपापल्या नळ्यांवर नाव आणि चित्राची वरची बाजू खडूने लिहावी, कारण अमूर्त चित्रांच्या बाबतीत सुतारांनी सकाळीच अडचण बोलून दाखवली आहे. परिषदाध्यक्षांनी सूत्रे स्वीकारावीत, अशी स्वागत समितीची विनंती आहे.